साळ्याच्या अ‍ॅपचा तक्रार अधिकारी

माहा साळा मोठा माणूस झाला, याचं मले दुःख नाई. तो माह्या घरी बसून, माह्या कपातला चहा पिऊन, मलेच इचारून मोठा झाला, याचं हाये. लोक म्हणतात, वय झालं का माणसाचा जळफळाट कमी होते. साफ खोटं! दात कमी होतात, केस कमी होतात, पोटातलं दुखणं जिथल्या तिथी राह्यते.

आमच्या तालुक्याच्या गावात मी वीस वर्षं केबल चालवली. खांबाखांबावर चढून तार ओढली, माकडायनं तोडली तर पुन्हा ओढली. माहा एक लोकल चॅनलही होता. दिवाळी झाली का आमच्या गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, अन् मंडई म्हणलं का नाटक आलंच. ते नाटक मी कॅमेऱ्यात घेऊन यायचो अन् दोन-दोन दिवस चॅनलवर लावायचो. बाजारात निघालो का चार माणसं थांबवून इचारायची, "भाऊ, आज काय लावून राह्यले?" सरकारी कागदाले मी कधी चुकलो नाई. केबलवाल्याची नोंद मोठ्या पोस्टात होते, हे आज कोणाले सांगतलं तर तो हासते. पण दरवर्षी मी तो फारम भरला, शिक्का मारून आणला अन् दुकानात काचेमधी लावला. मंग डिशच्या छत्र्या आल्या, मंग मोबाईल आला, अन् माह्या तारा लोकायनं कपडे वाळवाले घेतल्या. तोंडावर सांगतो, मी काही अतिशयोक्ती करून राह्यलो नाई. माही एक तार अजूनही एका घरी टॉवेल धरून उभी हाये.

माह्या बायकोचा धाकटा भाऊ ऊर्जानगरले वीज केंद्रात नोकरीले. क्वार्टर, कंपनीची बस, पाळीची ड्यूटी, सगळं झकास. लग्नाच्या, नाटकाच्या शूटिंगले तो माह्या कॅमेऱ्याची वायर धरून मांगं-मांगं फिरलेला पोट्टा. तो एका रविवारी आला अन् म्हणला, "भाऊजी, मी अ‍ॅप काढून राह्यलो. आपल्या झाडीपट्टीतले नाटकं मोबाईलवर. ज्याले जवा पायजे तवा पाहा."

मी म्हणलो, "बरं."

बायको मात्र चुलीपासून उठून आली. तिचे डोळे असे चमकले, का माह्या केबलच्या वीस वर्षांत एकदाही चमकले नव्हते. तिथंच माह्या पोटात पहिली कळ आली.

"पण भाऊजी, लायसन कुठी भेटते?" त्यानं इचारलं. तो बिचारा आधी कलेक्टर ऑफिसात जाऊन आला होता. तिथल्या बाबूनं सांगतलं, हा आमचा टेबल नाई. मंग तो पोलीस ठाण्यात गेला. आमच्याकडं नाटक लावायचं म्हणजे ठाणेदाराची परवानगी लागते, हे त्याले माहीत. ठाणेदार म्हणला, "नाटक कुठल्या मैदानात हाये?" हा म्हणला, "मोबाईलमधी." ठाणेदारानं त्याले पानी पाजून वापस पाठवलं.

मले इतकं हसू आलं का ठसका लागला. बायकोनं डोळे वटारले. "अजी, हासता काय? तुमाले कागदाचं कळते. सांगा ना त्याले!"

तर मी सांगतलं. म्हणजे आधी चष्मा लावून तीन दिवस मोबाईलवर नियम वाचले, अन् मंग सांगतलं. अशा अ‍ॅपले काचेत लावायचं लायसन नसतेच. दिल्लीच्या मंत्रालयाले आपली सगळी माहिती कळवा लागते. मालक कोण, पत्ता काय, तक्रार कोणाकडं करायची. दरेक नाटकावर ते किती वयाच्या माणसानं पाहावं ते लिहा लागते. अन् एक तक्रार निवारण अधिकारी नेमा लागते. तक्रार आली का त्यानं पंधरा दिवसांत निकाल द्यावा. नाई देला तर तक्रार वरच्या समितीकडं जाते.

साळ्यानं सगळं वहीत लिहून घेतलं. मंग हळूच म्हणला, "वडशाच्या नाटक कंपन्यायनं मले नाटकं देली. पण त्यायची अट हाये. म्हणतात, तुहं सरकारी काम साफ पायजे. एक जरी तक्रार वर गेली तर आमी आमचे नाटकं काढून घेऊ. आमाले गावोगावच्या ठाण्यात तोंड दाखवा लागते, उगाच भानगड नको." मंग त्यानं बहिणीकडं पाह्यलं. "बाई, मी एका वर्षाची बिनपगारी सुट्टी टाकली. वर्षात जमलं तर जमलं. नाई तर हाये आपली पाळी अन् बॉयलर."

बायकोच्या तोंडावरचा रंग उडाला. मी मात्र मनात म्हणलो, जमत नाई लेका तुहं. देवाशपथ, हेच म्हणलो.

मंग त्यानं बॉम्ब टाकला. "भाऊजी, तक्रार निवारण अधिकारी तुमी व्हा."

"मी? काऊन?"

"सरकारी कागद तुमच्याएवढा कोणाले कळते?"

आता तुमी म्हणसान, जळणाऱ्या माणसानं नाई म्हणायले पायजे होतं. पण मी हो म्हणलो. खरं कारण सांगतो. बाहेर उभं राहून दुसऱ्याच्या घराले आग लागते का हे पाहण्यापेक्षा घरात खुर्ची टाकून पाहणं जास्त बरं. एवढंच होतं माह्या मनात. कुंपणच शेत खाते म्हणतात, तर ते कुंपण मी होतो.

फारम भरताना तो माह्याच दिवाणावर बसला होता. एकएक नाटक घेत होता अन् वयाच्या रकान्यात लिहित होता, सर्वांसाठी. सर्वांसाठी. सर्वांसाठी. मी इचारलं, "सगळेच सर्वांसाठी?"

"मंग काय भाऊजी! आपल्या इथी नाटकाले सहा महिन्याचं लेकरू पण येते अन् नव्वदची बुढी पण येते. मायच्या मांडीवर झोपते, जागं होते, पाह्यते. कोणाले उठवून बाहेर काढलं का कधी?"

त्यातलं एक नाटक मले चांगलं माहीत होतं. दारूड्या बापाचं. दुसऱ्या अंकात बाप आपल्या शाळकरी पोरीच्या हातानं गिलास भरून घेते अन् तिले पण एक घोट पाजाले पाह्यते. मंग कॉमेडीवाला येते अन् जे बोलते, ते इथी लिहित नाई. हे अन् सर्वांसाठी? लेकरायसाठी? जिभेवर आलं होतं, का बावा, हे नाटक तपासून पाह्य. पण नाई बोललो. पेन त्याच्याकडं सरकवला अन् म्हणलो, "लिही, लिही. बरोबर हाये." त्या दिवशी मी बायकोले दुसऱ्यांदा चहा मागतला, इतका खुश होतो.

दिल्लीहून पोच आली. दोन ओळीचा ई-मेल. आमच्या इथी कागदावर शिक्का नाई त्याले कोणी कागद म्हणत नाई, त्यामुळं कंपनीवाले नाराज झाले. साळ्यानं त्या ई-मेलची रंगीत छपाई करून दरेकाले एकएक देली, तवा कुठं त्यायचा जीव भांड्यात पडला.

अन् अ‍ॅप चाललं! असं चाललं का मी काय सांगू. धान कापाले गेलेल्या बाया बांधावर फोन उभा करून पाहत. गडचिरोलीतला पोट्टा पुण्याले कंपनीत गेला, तो तिथून पाहे. माही सासू, जिनं माह्या चॅनलवर कधी डोळा टाकला नाई, म्हणे केबलमधी मुंग्या येतात, ती आता चष्मा पुसून-पुसून पाहे. अन् माही बायको! सकाळी तांदूळ निवडताना अ‍ॅप, दुपारी पापड लाटताना अ‍ॅप. दोन-दोनदा, तीन-तीनदा एकच नाटक. हासते काय, रडते काय. मी म्हणलो, "जेवाले वाढ." तर म्हणे, "जराक थांबा, आता तिचा भाऊ येऊन राह्यला." भाऊ! इथीही भाऊच!

मी एकही नाटक पाह्यलं नाई. शपथ घेतली होती. माह्या फोनमधी अ‍ॅप होतं, कारण अधिकाऱ्याले ठेवा लागते. पण मी त्याले बोट लावलं नाई.

त्या अ‍ॅपच्या एका पानावर माहं नाव अन् फोन नंबर होता. खाली हुद्दा. तक्रार निवारण अधिकारी. अन् लोक फोन करत. नाटक अडकते. आवाज फाटते. आमच्या गावचं नाटक काऊन नाई टाकलं. एका बाईनं तर रागानं इचारलं, "शेवटी त्या पोरीले मारून काऊन टाकलं? हे बरोबर केलं का तुमी?" मी म्हणलो, "बाई, मी नाई मारलं." एका जंगलातल्या गावचा म्हातारा गोंड भाऊ अर्धं गोंडीत, अर्धं आपल्या भाषेत बोलला. त्याचं म्हणणं, तुमच्या नाटकायमधी आमची बोली कुठी हाये? आमचा ढोल कुठी हाये? त्याचं म्हणणं मी तक्रारीच्या वहीत लिहून घेतलं. बाजारात पुन्हा लोक थांबवाले लागले. "साहेब, तुमीच ना ते अ‍ॅपवाले?" साहेब म्हणलं का दोन पावलं बरं वाटे. तिसऱ्या पावलाले आठवे, का हे साहेबपण साळ्यानं देलेलं हाये. मंग बरं वाटलेलं सगळं कडू होऊन जाय.

सासुरवाडीच्या मंडईत जे झालं ते मात्र सहन झालं नाई. दुपारी मैदानात साळ्याचा सत्कार होता. मी मुद्दाम समोरच्या रांगेत बसलो, कारण जवाई म्हणून तिथी माही खुर्ची असतेच. सरपंचानं त्याले शाल पांघरवली, नारळ देला, लोकायनं टाळ्या वाजवल्या. माईकवरचा माणूस म्हणला, "झाडीपट्टीचं नाटक घराघरात पहिल्यांदा यायनं पोचवलं!" पहिल्यांदा! मी खुर्चीवरून अर्धा उठलो. पहिल्यांदा? अन् मी वीस वर्षं काय खांबावर चढून कबुतरं पकडत होतो? पण तसाच खाली बसलो. मंग फोटोची वेळ आली. साळ्याच्या हातात शाल अन् नारळ, फोटोवाला म्हणे हात मोकळे करा. तर तो स्टेजवरून वाकला अन् ती शाल, तो नारळ माह्या हातात देला. "भाऊजी, जराक धरा."

मी धरला. सगळ्या गावादेखत, जवाई साळ्याचा नारळ धरून उभा. आंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मले तवाही कळत होतं. म्हणूनच जास्त राग आला.

घरी आलो अन् दुसऱ्याच दिवशी, बायको बाजारात गेली असताना, खोट्या नावाचा एक ई-मेल उघडला. लिहलं, मी दोन लहान लेकरायचा बाप हाये. आपल्या अ‍ॅपवर अमुक नाटक सर्वांसाठी म्हणून दाखवून राह्यले. त्याच्या दुसऱ्या अंकात बाप मुलीच्या हातून दारू भरून घेतो, तिले घोट पाजतो, विनोदी नट अश्लील बोलतो. माह्या लेकरायवर वाईट परिणाम झाला. अर्थात मी ते सगळं शुद्ध सरकारी भाषेत लिहलं. अन् पाठवलं. कोणाले? तक्रार निवारण अधिकाऱ्याले. म्हणजे मलेच.

फोन वाजला. तक्रार आली होती. मी ती उघडली, वाचली अन् बंद केली. आता मले काहीच करायचं नव्हतं. पंधरा दिवस नुसतं बसून राहायचं होतं. सोळाव्या दिवशी तक्रार आपल्या पायानं वर जाईन, कंपन्या नाटकं काढतीन, अन् साळा आपल्या बॉयलरजवळ. माह्यावर कोण बोट ठेवन? म्हणीन, बावा, वय झालं, ई-मेल दिसला नाई.

एक दिवस गेला. दोन गेले. मले वाटलं होतं का झोप मस्त लागन. नाई लागली. सहाव्या दिवशी त्या गोंड भाऊचा पुन्हा फोन आला. म्हणला, "तुमच्या मालकानं आमच्या पोट्ट्यायले बोलावलं. ढोलाचा कार्यक्रम घेऊन राह्यले. तुमी कळवलं म्हणून झालं." मी वहीत लिहलेलं ते साळ्यानं वाचलं होतं. माहा हात त्या तक्रारीवर गेला, का उत्तर देऊन टाकावं. तेवढ्यात तो भाऊ म्हणला, "लय मोठ्या मनाचा माणूस हाये तुमचा साळा." झालं! फोन खाली ठेवला अन् हातही मांगं घेतला.

अकराव्या दिवशी मले राहवलं नाई. बायको अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. कानाशी अ‍ॅप सुरूच. मले तिचं तोंड उतरलेलं पाहायचं होतं. नुसतं एकदा. मी चष्मा लावला अन् गंभीर होऊन म्हणलो, "आयकलं का? एक तक्रार आली. भारी हाये."

"कोणती?"

मी वाचून दाखवलं. दुसरा अंक, बाप, पोरगी, गिलास, घोट, कॉमेडी. वाचताना आवाज जरा दुःखी ठेवला.

तिनं सूप खाली ठेवलं. "या नाटकात हा सीन नाई हाये."

"अवो, हाये."

"नाई हाये. तीनदा पाह्यलं मी. बाप घरात येते, पोरगी दप्तर उचलून आत जाते, बस. गिलास-बिलास काही नाई. कॉमेडीवाल्याचं घाण बोलणं भावानं काढाले लावलं. मले फोन करून इचारलं होतं, बाई, लेकरायसोबत बसून हे पाहशील का? मी म्हणलं, नाई पाहणार. तवा त्यानं कंपनीवाल्याले सांगून तेवढं काढलं, अन् मंगच सर्वांसाठी म्हणून लावलं."

तिनं माह्याच हातातला फोन घेतला, नाटक लावलं, दुसरा अंक काढला अन् माह्या नाकासमोर धरला. बाप आला. पोरगी दप्तर घेऊन आत गेली. बस.

मी जिंदगीत पहिल्यांदा त्या अ‍ॅपमधी नाटक पाहून राह्यलो होतो, अन् तेही असं. 

बायको स्वतःशीच बोलली, "मंग हा माणूस कोण? यानं अ‍ॅपवर पाह्यलंच नाई." आता तिची अक्कल अशी चालाले लागली, का मले थांबवताही येईना. "गिलासाचा सीन पंधरा वर्षाआधी एकदाच झाला होता. माह्याच माहेरच्या मंडईत. त्या नटानं स्वतःच्या मनानं घातला होता, मंडळवाल्यायनं त्याले दुसऱ्या दिवशी झापलं. तुमी तो आपल्या चॅनलवर लावला होता." ती थांबली. मंग हळूच म्हणली, "वाचा ना पुन्हा. शेवटची ओळ."

मी वाचली. "सबब, योग्य ती कारवाई व्हावी, ही विनंती."

"सबब," ती म्हणली. "आपल्या गावात सबब कोण लिहते?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे!   तिनं सूप उचललं, दोनदा पाखडलं, पुन्हा ठेवलं. मले वाटलं, आता रडन, ओरडन, माहेरी फोन लावन. माह्या मनात मी उत्तरंही तयार केली. माह्या वीस वर्षायचं काय? माहा नारळ कोणी धरला का? सगळं बोलणार होतो. पण तिनं फक्त एवढंच इचारलं, "आज कितवा दिवस?"

"अकरावा."

"म्हणजे चार हायेत." अन् ती आत गेली.

तीन दिवस ती माह्याशी बोलली नाई. जेवण वाढे, ताट उचले. अ‍ॅपही लावलं नाई तिनं. घर इतकं शांत झालं का मले मीच नकोसा झालो. तिनं भावाले सांगतलं नाई हे मले कळत होतं, कारण सांगतलं असतं तर तो फटफटी घेऊन तासाभरात आला असता. ती वाट पाहून राह्यली होती. मी काय करतो, त्याची.

चौदाव्या दिवशी मी निकाल लिहला. पोस्टाले लिहत होतो तसाच, नीट. तक्रारदाराने सदर नाटक पाहिलेले नाही. तक्रारीत नमूद केलेला प्रसंग सदर नाटकात नाही. तक्रार निराधार आहे. सबब, निकाली काढण्यात येत आहे. खाली माहं नाव, माहा हुद्दा. स्वतःच्या नावानं स्वतःले खोटं ठरवणं काय असते, ते ज्यानं केलं त्यालेच कळते. बटन दाबलं. लगेच माह्याच फोनवर, त्या दुसऱ्या खोट्या नावाच्या डब्यात, निकाल येऊन पडला.

बायकोले दाखवला. तिनं वाचला अन् म्हणली, "आता त्याले तोंडानं सांगून या. मी सांगणार नाई."

पंधराव्या दिवशी सकाळी मी ऊर्जानगरले गेलो. क्वार्टरच्या पायरीवर साळा बूट पुसून राह्यला होता. मले पाहून उठला. "या भाऊजी!" मी बसलोच नाई. उभ्यानंच म्हणलो, "ती तक्रार माही होती."

"माहीत हाये," तो म्हणला.

मी म्हणलो, "तुह्या बाईनं सांगतलं?"

"बाईले माहीत हाये का?" त्याले ते खरंच माहीत नव्हतं. "भाऊजी, तक्रार आली का एक कॉपी मालकाले पण येते. पहिल्याच दिवशी वाचली मी. तो गिलास तुमच्या चॅनलशिवाय कुठीच नव्हता. कॅमेरा तुमचा होता अन् वायर माह्या हातात होती."

"मंग पंधरा दिवस बोलला काऊन नाई?"

"तुमी अधिकारी हा. पंधरा दिवस तुमचे होते. मालकानं मधात बोलावं असं नियमात कुठी हाये?" हे तो टोमणा मारून नाई, साधं म्हणला. मंग आत गेला अन् एक घडी केलेला कागद घेऊन आला. कामावर परत रुजू होण्याचा अर्ज. सही झालेली, तारखेची जागा मोकळी. "तेराव्या दिवशी लिहून ठेवला होता. म्हणलं, तुमी बोलले नाई तर सोळाव्या दिवशी देऊन टाकू. उगाच बाईच्या घरात भांडण नको."

मी तो कागद हातात धरून उभा राह्यलो. त्यात तीन ठिकाणी खाडाखोड होती. म्हणजे तोही झोपला नव्हता.

"दुसरा अधिकारी पाह्य बावा," मी म्हणलो. "माह्याच्यानं होत नाई."

"काऊन? एकच लेखी तक्रार आली अन् मुदतीच्या आत निकाली निघाली. असा अधिकारी कुठी भेटन?" अन् तो हासला. त्यानं माह्या हातातून अर्ज घेतला, फाडला, बूट पुसाचं फडकं त्याच्यावर ठेवलं, अन् आत चहाले सांगतलं.

चहा मी पिलो. नाई म्हणता आलं नाई. मंग एस.टी.त बसलो. खिडकीतून वीज केंद्राची धुराडी मांगं जात होती अन् पोटात पुन्हा तीच कळ उठली. मी म्हणलो, आता कशाची बावा? आता काय राह्यलं? मंग कळलं. त्याच्या जागी मी असतो तर पहिल्याच दिवशी अख्ख्या जिल्ह्यात बोंबललो असतो, ई-मेल छापून चौकात लावला असता. तो पंधरा दिवस गप बसला. अ‍ॅपचं, शालीचं, नारळाचं मले आता काहीच वाटून नाई राह्यलं. मी जळून राह्यलो होतो ते त्याच्या त्या गप बसण्यावर, कारण ते मले आणखी वीस वर्षं देली तरी जमणार नाई.